सलग किती तास झोपलात?

मुलगी 21 दिवसांची होती तेव्हाची गोष्ट. घरात तिच्या नावाची एक वही होती. निळ्या पुठ्ठ्याची, 200 पानी, पट्टीनं आखलेले चार रकाने: वेळ, कुठल्या बाजूनं पाजलं, शू, शी. बाळाच्या डॉक्टरांनी सुरुवातीचे दिवस नोंद ठेवायला सांगितली होती. तीच वही उलटी करून, मागच्या पानापासून, मी दुसरी नोंद सुरू केली होती. ‘2.10 – 104. 2.25 – 98. 2.40 – 112, डाव्या हाताला मुंग्या.’ हे माझ्या नाडीचे ठोके. लेक शेजारी गाढ झोपलेली असायची आणि मी मनगटावर दोन बोटं ठेवून भिंतीवरच्या घड्याळाचा सेकंदकाटा बघत बसायचे. डाव्या हाताच्या कोपरात अर्धा-पाऊण तास बाळाचं डोकं होतं म्हणून मुंग्या आल्या, हे तेव्हा सुचायचंच नाही. हृदयविकार एवढंच सुचायचं. त्याच आठवड्यात काखेच्या बाजूला एक दुखरी गाठ हाताला लागली. दूध साठून झालेली गाठ होती, दोन दिवस शेकून आणि नीट पाजून विरघळली. पण ते दोन दिवस मी लेकीकडे बघून मनाशी हिशेब करत होते, की मी गेले तर हिला दूध कोण पाजेल, हिला माझा चेहरा आठवेल का, नवऱ्यानं दुसरं लग्न केलं तर.

हे वाचताना कुणाला वाटेल, बाई स्वभावानंच घाबरट. मी नाही. मी गिरणा धरणाच्या पाण्यात पोहायला शिकलेली मुलगी आहे आणि सात वर्षं एकटीनं परगावी नोकरी केली आहे. माझं जे झालं ते थोड्याफार फरकानं कितीतरी घरांत होतं. कुणाला स्वतःच्या आजाराची भीती वाटते, कुणाला बाळाचा श्वास थांबेल याची, कुणाला दोन्हीची. आपण त्याला नाव देत नाही. ‘पहिलटकरीण आहे, होतं असं’ म्हणतो आणि पुढच्या कामाला लागतो. बाळंतिणीला वाटणारी आजाराची भीती हा तिच्या स्वभावाचा दोष नव्हे, हे मला सांगायचं आहे. मोडलेली झोप आणि एकटीवर पडलेली रात्र यांतून ती वाढते, आणि म्हणून तिची जबाबदारीही तिच्या एकटीची नाही. घराची आहे, दवाखान्याची आहे, सरकारची आहे. या तिघांनी मिळून तिला एक साधा प्रश्न विचारायचा आहे, आणि तोच कुणी विचारत नाही.

मला तो प्रश्न तिसऱ्या डॉक्टरनं विचारला. पहिल्यांदा आम्ही जवळच्या एका मोठ्या दवाखान्यात गेलो होतो. छातीत धडधड होते म्हटल्यावर तिथे लगेच ईसीजी काढला, ते योग्यच केलं. बाळंतपणानंतर छातीत दुखणं किंवा धाप लागणं ही हसण्यावारी नेण्याची लक्षणं नव्हेत. रिपोर्ट चांगला आला. तो आनंद रिक्षात बसेपर्यंत टिकला. रिक्षा पुलावर आली तेव्हा माझ्या मनात आलं, ईसीजी काढला तेव्हा धडधड नव्हतीच, मग त्यात दिसणार काय? चार दिवसांनी दुसऱ्या ठिकाणी गेलो. तिथल्या डॉक्टरांनी पहिला रिपोर्ट पाहिला, माझ्याकडे पाहिलंच नाही, आणि नवऱ्याला म्हणाले, ‘काही नाही हो, मनाचे खेळ आहेत.’ त्या वाक्यानं मला काय केलं ते सांगते. भीती तशीच राहिली, वर लाज बसली. त्यानंतर मी घरात बोलणं बंद केलं आणि वहीच्या मागच्या पानांवर लिहिणं वाढवलं.

तिसऱ्या डॉक्टर म्हणजे आमच्या गल्लीतल्या, पन्नाशीच्या, साध्या एमबीबीएस बाई. त्यांनी माझी खालची पापणी ओढून पाहिली, नखं पाहिली, हात पुढे करायला लावून बोटं थरथरतात का ते पाहिलं. मग पेन खाली ठेवलं आणि विचारलं, ‘सलग किती तास झोपता?’

‘मिळून पाच-सहा तास होतात.’

‘मिळून नाही विचारलं. सलग.’

मी आठवायला लागले आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं, कारण उत्तर होतं पन्नास मिनिटं. कधीतरी सव्वा तास. 21 रात्री.

त्यांनी रक्त तपासायला पाठवलं. हिमोग्लोबिन 8.9 निघालं, थायरॉइड ठीक होतं. म्हणजे धडधड खरीच होती. रक्त कमी असलं की हृदयाला जास्त वेगानं काम करावं लागतं, आणि महाराष्ट्रात 2019-21च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत 15 ते 49 वयातल्या निम्म्याहून जास्त, 54 टक्के, बायकांच्या अंगात रक्त कमी आढळलं होतं. बाळंतपणानंतर काही जणींची थायरॉइडची ग्रंथी बिघडते, तेव्हाही अशीच धडधड आणि थरथर होते. म्हणून ‘मनाचे खेळ’ म्हणण्याआधी या दोन तपासण्या करणं हे डॉक्टरचं कर्तव्य आहे, असं मी ठामपणे म्हणेन. भीती वाटणारी बाई खोटं बोलत नसते. तिच्या अंगात काहीतरी होत असतं. त्याचा अर्थ लावणारा मेंदू मात्र इतका दमलेला असतो, की त्याला एकच, सर्वांत वाईट अर्थ सुचतो.

झोप मोडली की मेंदूतला धोका हुडकणारा भाग जास्त तापतो आणि त्याला आवरणारा भाग ढिला पडतो. हे विज्ञान आता पुरेसं पक्कं आहे, आणि रात्रपाळी केलेल्या कुणालाही ते अंगानं ठाऊक असतं. माझा नवरा चाकणजवळच्या एका कारखान्यात आहे. त्याच्या रात्रपाळीला भत्ता मिळतो. दुसऱ्या दिवशी तो झोपतो तेव्हा घरात कुणी भांड्याचा आवाज करत नाही. लागोपाठ दोन पाळ्या केलेल्या माणसाला प्रेस मशीनवर उभं करत नाहीत, हात जाईल म्हणून. आणि बाळंतीण? तिच्या हातात तीन किलोचा जीव देऊन आपण तिला महिनोन्‌महिने लागोपाठ पाळ्या करायला लावतो, आणि पहाटे तीन वाजता तिच्या मनात मरणाचे विचार आले की ‘देवाचं नाव घे’ म्हणतो.

आमच्या आईच्या पिढीतल्या बायका इथे हटकून म्हणतात, ‘आम्ही चार-चार वाढवली, आम्हाला नव्हती बाई असली चिंता.’ त्यांचा अनुभव मी खोटा ठरवत नाही, पण त्या अर्धंच सांगतात. पाचवीला सटवाई पुजून रात्र जागवायची, श्रावणात जिवतीचा कागद भिंतीला लावायचा, बाळाला तीट लावायची, तिन्हीसांजेला मीठ-मोहरीनं दृष्ट काढायची, हे सगळं चिंतेशिवाय का आलं? ती भीती घराघरांत होती, आणि तिला कारणही होतं. आनंदीबाई जोशींना चौदाव्या वर्षी मूल झालं आणि ते दहा दिवसांत गेलं. त्या दुःखातून त्या डॉक्टर व्हायला निघाल्या. अगदी 1971मध्येसुद्धा या देशात जन्मणाऱ्या हजार बाळांतली 129 पहिला वाढदिवस बघत नव्हती. 2020च्या सरकारी नमुना नोंदणी पाहणीत हा आकडा देशात 28 आणि महाराष्ट्रात 16 होता. भीतीचं कारण इतकं आटलं, तरी भीती आटली नाही. उलट ती एकटी पडली. सटवाईच्या रात्री खोलीत दहा बायका जाग्या असत. माझ्या रात्री मी आणि फोनचा उजेड.

जुन्या बाळंतपणाचं गुणगान करायला मी बसलेली नाही. अंधारी खोली, धुरीनं कोंडलेला श्वास, घोट घोट मोजून दिलेलं पाणी, मुलगी झाली म्हणून उतरलेले चेहरे, यातलं काहीही परत यावं असं मला वाटत नाही. पण त्या सव्वा महिन्यात एक फार शहाणपणाची गोष्ट होती. माहेरी गेलेल्या लेकीचं बाळ मध्यरात्रीनंतर आजी उचलून न्यायची, आणि पाजायची वेळ झाली की आणून द्यायची. लेक पाजायची आणि पुन्हा पडायची. ढेकर काढणं, दुपटं बदलणं, उगी करणं तिच्याकडे नव्हतं. आपण अळिवाचे लाडू सांभाळले, डिंक सांभाळला, बाळंतकाढा आता बाटलीत मिळतो. रात्र मात्र सोडून दिली. आजी साठीतही नोकरी करते किंवा गावी एकटी आहे, नवरा पाचव्या दिवशी कामावर रुजू झालेला असतो, शेजारचं दार बंद असतं. बाळ-बाळंतिणीला बघायला येणारे सगळे संध्याकाळी येतात, चहा पितात, बाळ कुणावर गेलंय ते ठरवतात आणि नऊ वाजता जातात. काम तर त्यानंतर सुरू होतं.

भीती कशी आवरावी याचं मला सर्वांत पटलेलं उत्तर गडचिरोलीतून आलेलं आहे. डॉ. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेनं तिथे बालमृत्यूंवर काम सुरू केलं तेव्हा न्यूमोनिया ओळखायचा कसा हा प्रश्न होता. गावातल्या सुईणींना फार पुढे मोजता येत नव्हतं आणि डॉक्टर कोसांवर होता. मग श्वास मोजायचं एक साधन केलं. एका मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि तारेत ओवलेले मणी. बाळाच्या पोटाकडे बघायचं, दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत शेवटचा मणी सरकला, तर श्वास धोक्याच्या वेगानं चालू आहे, औषध द्यायचं. नाही सरकला, तर बाळ ठीक आहे. पुढे 1999मध्ये त्यांनी गावातल्या आरोग्यदूतांकरवी घरच्या घरी केलेल्या नवजात काळजीचे निष्कर्ष जगापुढे मांडले, 39 गावांतले; नवजात बाळांचे मृत्यू तिथे 62 टक्क्यांनी घटले होते.

या साधनातलं मला जे सर्वांत मोलाचं वाटतं ते म्हणजे त्यातली वाळू संपते. एक मिनिट, एक प्रश्न, एक उत्तर, आणि मग साधन खाली ठेवायचं. रात्री तीनला फोनवर लक्षण शोधणाऱ्या आईची वाळू संपतच नाही. एक पान दुसऱ्याकडे नेतं, दुसरं तिसऱ्याकडे, आणि प्रत्येक पानाच्या तळाशी तिला हवा असलेला नव्हे तर नको असलेला आजार असतो. माझ्या वहीतही वाळू नव्हती. 104 आलं की 15 मिनिटांनी पुन्हा मोजायचं, मोजण्याच्या धास्तीनं ते 112 यायचं, मग पुन्हा. खात्री करून घेतली की क्षणभर बरं वाटतं, आणि तेच बरं वाटणं पुढची खात्री मागायला लावतं. या भीतीची सगळी चाल इथे आहे. ‘काळजी करू नकोस’ म्हटल्यानं ती मोडत नाही. काळजी कशाची करायची याची छोटी, संपणारी यादी हातात आली की मोडायला लागते.

अशी यादी प्रत्येक आईला दवाखान्यातून घरी सोडतानाच, तिच्या भाषेत, तोंडी समजावून द्यायला हवी. तान्हं बाळ भराभर श्वास घेतं, मग पाच-दहा सेकंद थांबतं, मग पुन्हा घेतं, आणि हे बहुतेक बाळांत होतं. हे एक वाक्य मला कुणी चौथ्या दिवशी सांगितलं असतं, तर तिच्या नाकाखाली बोट धरून बसलेले कितीतरी तास मला परत मिळाले असते. 20 सेकंद थांबलं, ओठ निळे पडले, शांत असताना श्वास मिनिटाला 60च्या वर गेला, छाती आत ओढली जायला लागली, अंग तापलं किंवा गार पडलं, दूध ओढेनासं झालं, तर वाट न बघता निघायचं. आणि आईसाठीही: तासाभरात पॅड भिजून जाण्याइतकं रक्त, ताप, न थांबणारी डोकेदुखी आणि डोळ्यांपुढे अंधारी, एकाच पोटरीला सूज आणि ठणका, छातीत दुखणं, धाप. एवढं पाठ करून स्वयंपाकघराच्या कपाटाला आतून चिकटवता येतं. बाकी बहुतेक सगळं सकाळपर्यंत थांबू शकतं.

गडचिरोलीच्या त्या कामातून देशभर जी नवजात बालकांच्या घरभेटींची योजना आली, तिच्यात आशाताई दवाखान्यात बाळंत झालेल्या बाईच्या घरी सहा वेळा जातात: तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी. या सगळ्या भेटींचे मिळून त्यांना 250 रुपये मिळतात, हेही इथे नोंदवून ठेवते, कारण पुढे मी त्यांच्याकडून आणखी एक काम मागणार आहे आणि ते फुकट मागायला मला लाज वाटते. त्यांच्या फॉर्मवर आईसाठीही प्रश्न आहेत. 24 तासांत किती वेळा पोटभर जेवली, पॅड किती बदलले, ताप आहे का, स्रावाला घाण वास येतो का. मनाच्या जवळ जाणारा एक प्रश्न आहे, की आई असंबद्ध बोलते का किंवा तिला झटके येतात का. म्हणजे बाई पार हाताबाहेर गेली तरच ती कागदावर उमटणार. असंबद्ध बोलणं आणि ठणठणीत असणं यांच्या मधली जी लांबच लांब जागा आहे, जिथे मी होते, तिच्यासाठी त्या फॉर्मवर रकाना नाही.

आणि ही जागा लहान नाही. गोव्यात म्हापशाच्या रुग्णालयात बाळंत झालेल्या 270 आयांचा डॉ. विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास 2002मध्ये छापून आला. सहा ते आठ आठवड्यांनी त्यांतल्या 23 टक्के जणींना नैराश्य होतं. गरिबी, नवऱ्याची मारहाण आणि मुलगी होणं यांनी धोका वाढत होता. 2017मध्ये भारतातल्या 38 अभ्यासांची एकत्र मोजदाद झाली, तेव्हाही उत्तर 22 टक्के आलं. पाचातली एक. नैराश्य आणि ही आजाराची भीती हातात हात घालून येतात, कधी एक पुढे तर कधी दुसरी. एडिंबरोत 1987मध्ये बाळंतिणीसाठी दहा प्रश्नांची जी साधी प्रश्नावली तयार झाली आणि आज आपल्या अनेक भाषांत वापरली जाते, तिच्यातही विनाकारण घाबरं होणं आणि स्वतःला दोष देणं यांचे प्रश्न आहेत. पाच मिनिटं लागतात. गोव्यातल्याच ‘संगथ’ संस्थेनं पुढे शेजारपाजारच्या साध्या आयांना शिकवून त्यांच्याकरवी अशा बायकांना घरी जाऊन आधार देण्याचा प्रयोग केला. फार मोठा फरक पडला असं नाही, पण फरक पडला, आणि त्यासाठी मानसोपचारतज्ज्ञांची फौज लागली नाही. केरळनं आयांच्या मनाची तपासणी सरकारी आरोग्य केंद्रांतून करायला घेतली. मग महाराष्ट्राला कशानं अडवलंय?

माझी मागणी लहान आहे. आशाताईंच्या फॉर्मवर आणि मोबदल्यावर आणखी एक ओळ वाढवा: ‘गेल्या 24 तासांत सलग किती तास झोपलात? त्या वेळी बाळ कुणाकडे होतं?’ दुसरा प्रश्न मुद्दाम आहे, कारण तो घरातल्या बाकीच्यांसमोर विचारला जाईल आणि उत्तर त्यांनाही ऐकावं लागेल. शहरात आशाताई सगळ्यांकडे पोचत नाहीत. पण दीड महिना, अडीच महिने आणि साडेतीन महिने, तीन वेळा प्रत्येक आई बाळाला लस टोचायला घेऊन जाते. डॉक्टर बाळाचं वजन करतात, डोक्याचा घेर मोजतात. आई समोरच्याच खुर्चीवर बसलेली असते. तिला हा प्रश्न विचारायला अर्धं मिनिट लागेल. दोन-तीन भेटींत उत्तर तीन तासांच्या खालीच राहिलं तर ते वजन न वाढण्याइतकंच गंभीर मानून पुढची विचारपूस व्हावी.

यावर मला एका मैत्रिणीनं विचारलं, विचारून काय होणार? रात्र वाटून घ्यायला माणूस आणणार कुठून? हा आक्षेप खरा आहे आणि तो थेट रजेच्या कायद्याकडे नेतो. 2017च्या दुरुस्तीनं आईची रजा 26 आठवडे झाली, पहिल्या दोन मुलांसाठी, दहा किंवा जास्त माणसं असलेल्या आस्थापनांत. चांगलं झालं. बापाला केंद्र सरकारच्या नोकरीत 15 दिवस मिळतात, खासगी नोकरीत कायद्यानं काहीच नाही. या दोन आकड्यांतून आपण घराला काय सांगतो? की मूल तिचं आहे, रात्र तिची आहे, त्याला सकाळी कामावर जायचंय, त्याला झोपू द्या. माझ्या नवऱ्याला मदत करायची नव्हती असं नाही. तो सहाव्या दिवशी पहिल्या पाळीला गेला, पहाटे पाचला उठून, आणि त्याच्याही छातीत पुढच्या महिन्यात दुखायला लागलं. त्यानं मला ते तीन आठवडे सांगितलं नाही. बापांनाही हीच भीती खाते; नवा जीव घरी आला की स्वतःच्या जिवाची किंमत एकदम वाढलेली असते. त्यांना विचारणारं तर अजिबात कुणी नाही. बापाची सक्तीची, पगारी, किमान महिनाभराची रजा ही मला चैनीची मागणी वाटत नाही. ती आई-बाळाच्या आरोग्याची व्यवस्था आहे. आणि जिच्या नवऱ्याला रजा नाही आणि तिलाही नाही, जी बाळंतपणानंतर काही आठवड्यांत ऊसतोडीच्या फडावर परतते, तिचं काय, याचं उत्तर मातृवंदना योजनेच्या पहिल्या मुलासाठीच्या 5,000 रुपयांत नाही. त्या बाईला भीती वाटत नाही असं समजू नका. तिला ती वाटून घ्यायलाही वेळ नाही.

कायदा येईल तेव्हा येईल. तोवर घरात काय करायचं, ते आमच्या डॉक्टरबाईंनी सांगितलं आणि मला उपयोगी पडलं, म्हणून लिहिते. एकच डॉक्टर, एकच तारीख. त्यांनी मला दर गुरुवारी संध्याकाळी सहाला यायला सांगितलं, बरं वाटत असलं तरी. मध्ये जे काही वाटेल ते कागदावर लिहायचं आणि गुरुवारी दाखवायचं. यादीतली लक्षणं सोडून फोनवर काही शोधायचं नाही. पहिला आठवडा असह्य गेला. दुसऱ्या गुरुवारी कागदावरच्या नऊ तक्रारींपैकी सात मला आठवतही नव्हत्या. नाडी मोजायची तर दिवसातून एकदा, सकाळी, चहाच्या आधी. लोहाच्या गोळ्या, आणि गोळीबरोबर चहा नाही. आणि रात्री अकरा ते चार बाळ दुसऱ्याकडे.

त्यांनी एक गोष्ट बजावून सांगितली, तीही सांगते. बाळ दुसऱ्याकडे आहे, खोलीत शांतता आहे, तुम्ही थकून गेला आहात, आणि तरीही डोळा लागत नाही, असं चार-पाच रात्री झालं तर नुसत्या विश्रांतीनं भागणार नाही, उपचार लागतील. बोलण्याचे उपचार आहेत. दुधात फार कमी उतरणारी औषधं आहेत, ती डॉक्टरच्या सल्ल्यानं पाजत्या आईला घेता येतात, पाजणं थांबवावं लागतंच असं नाही. जीव नकोसा होणं, कानात आवाज येणं, बाळाबद्दल विचित्र खात्री वाटायला लागणं, यासाठी त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. 14416 हा टेलि-मानसचा, मनाच्या त्रासासाठीच्या सरकारी फोनसेवेचा, क्रमांक 2022पासून दिवसरात्र चालतो आणि त्यावर मराठीत बोलता येतं. दाखल व्हावं लागेल आणि बाळ हिरावलं जाईल या भीतीनं कितीतरी जणी गप्प बसतात. 2017चा मानसिक आरोग्य कायदा तीन वर्षांखालच्या मुलाला उपचार घेणाऱ्या आईपासून सहसा वेगळं करू नये असंच सांगतो. बंगळुरूच्या निम्हान्स या मानसिक आरोग्याच्या संस्थेत आई आणि बाळाला एकत्र ठेवून उपचार करणारा विभाग आहे. असा एक विभाग महाराष्ट्रातल्या प्रत्येक विभागीय मनोरुग्णालयात किंवा वैद्यकीय महाविद्यालयात का नसावा, हा प्रश्न आपल्या आमदारांना विचारण्यासारखा आहे.

आमच्याकडे अकरा ते चार हे आईनं घेतलं. ती चाळीसगावहून आली ती दोन दिवसांसाठी. वही बाळाची म्हणून तिनं चष्मा लावून उघडली आणि चुकून मागच्या बाजूनं उघडली. अकरा पानं आकडे होते. तिनं काही विचारलं नाही. वही मिटली, स्वयंपाकघरात गेली, माळ्यावरच्या डब्यातून बाळाला दूध पाजायचं चांदीचं बोंडलं काढून चिंचेनं घासलं, उकळत्या पाण्यात टाकलं, आणि म्हणाली, ‘दूध काढून ठेव. आज ती माझ्याकडे. दार लावून घे.’ मी दार लावलं, पण आधी अर्धा तास कान लावून बसले. बाहेरून एकदा रडण्याचा आवाज आला, मग आईचं गुणगुणणं, मग काहीच नाही. मी मनगटावर बोटं ठेवली होती, ती कधी सुटली ते कळलं नाही.

सकाळी वही पुढच्या बाजूनं उघडली. रात्रीच्या नोंदी आईच्या अक्षरात होत्या, तिच्या जुन्या वळणाच्या. 12.30 बोंडल्यानं, 2.45 बोंडल्यानं, शू तीन. आणि चार रकान्यांच्या उजवीकडे, पट्टी न घेता, हातानंच तिनं पाचवा रकाना ओढला होता. वर लिहिलं होतं ‘हिची आई’, आणि खाली: ‘झोपली. पावणेपाच तास.’